घरच्यांचे वाचन

सोमवारी सकाळी डॉक्टरबाईंनी हिच्या मांडीवर पुठ्ठा ठेवला, त्यावर कागद लावला आणि हातात पेन्सिल दिली. "सावकाश लिहा," त्या म्हणाल्या, "मला घाई नाही." घाई त्यांना होती. बाहेरच्या बाकावर बसायला जागा उरली नव्हती. तरी त्या थांबल्या. हिने वीस मिनिटे घेतली आणि चार ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीतले पहिले अक्षर तांदळाच्या दाण्याएवढे होते आणि चौथ्या ओळीतले शेवटचे खसखशीएवढे. मग बोटे मिटली आणि पेन्सिल काढून घेण्यासाठी मला ती एकेक करून उघडावी लागली.

प्रश्न एकच होता. हिला गिळता येईनासे झाले होते आणि घास श्वासनलिकेत जात होता. पोटात नळी बसवली तर अन्न थेट आत जाईल, आणखी वर्ष, कदाचित दोन वर्षे मिळतील. नाही बसवली तर महिना, दोन महिने. शस्त्रक्रियेची वेळ गुरुवारी सकाळची होती. डॉक्टरबाईंचे म्हणणे असे की बाई पूर्ण शुद्धीत आहेत, तेव्हा हो की नाही ते त्यांनीच सांगायचे. बोलणे दोन वर्षांपूर्वी गेले होते. चेहरा त्याआधीच थिजला होता. मान कोणत्याही प्रश्नाला सारखीच हलायची. उरली होती ती पेन्सिल.

डॉक्टरबाईंनी कागद खिडकीशी नेला, चष्मा काढला, परत लावला.

"मला हे अक्षर काही लागत नाही. काका, तुम्ही वाचा. मी लिहून घेते."

मी चिठ्ठी पाहिली. "माझं वाचन धरता येणार नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी घरचा आहे."

"घरचे आहात म्हणून तर विचारतेय!"

"गुरुवारपर्यंत वाचून आणतो," मी म्हणालो आणि चिठ्ठी घडी न घालता पुस्तकात ठेवली. ही माझ्याकडे बघत होती. त्या चेहऱ्यावर आता काहीच उमटत नाही, पण एकेचाळीस वर्षांच्या संसारात ती नजर मी इतक्यांदा झेलली आहे की तिला चेहऱ्याची गरज राहिलेली नाही. काहीतरी साधे काम मी अवघड करून ठेवतो तेव्हाची ती नजर.

ही नकाशे काढायची. भूमापन कचेरीत तिचे काम नकाशांवर नावे घालण्याचे. नदीच्या वळणाबरोबर वळणारी नावे, डोंगराच्या उतारावर चढत जाणारी नावे, भिंगाखाली, कठीण शिशाच्या पेन्सिलीने. या आजारात अक्षर बारीक होत जाते. हिचे आधीपासूनच इतके बारीक की आजार झालाय हे आम्हाला दोन वर्षे उशिरा कळले.

मी छापखान्यात प्रूफरीडर होतो. छत्तीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. डोळा समोरचे वाचत नाही, त्याला हवे असते ते वाचतो. म्हणून ज्याने मजकूर लिहिला त्याच्या हाती शेवटचे प्रूफ द्यायचे नसते. त्याला चूक दिसतच नाही.

सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर हातांना काम हवे म्हणून मी इंटरनेटवर एक गट काढला. नाव ठेवले 'अक्षर लागत नाही'. कुणाच्या आजोबांची रोजनिशी, कुणाचा जुना दस्त, कुणाच्या आईचे शेवटचे पत्र. लोक फोटो टाकायचे आणि आम्ही वाचून द्यायचो. नियम तीन होते आणि तिन्ही माझे. पहिला, प्रत्येक मजकूर तिघांनी वेगवेगळा वाचायचा, एकमेकांचे वाचन न बघता. तिघांची उत्तरे बंद राहतील, ज्याचा कागद त्याने ती एकदम उघडायची आणि जुळेल तेवढेच खरे मानायचे. दुसरा, घरच्यांचे वाचन धरायचे नाही, कारण मुलगा बापाच्या पत्रात माफी वाचतो आणि ती तिथे नसते. तिसरा, कुणी आपले नाव, गाव, फोन नंबर द्यायचा नाही. दुसऱ्याचे खासगी वाचणारा माणूस पत्रपेटीसारखा अनोळखी असावा, असे मला वाटायचे. आजही वाटते, पण आता त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून सगळे आपापल्या धंद्याने ओळखले जायचे. चाळीस वर्षे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचलेला कंपाउंडर. अर्धवट पत्त्यांची पत्रे लावण्यात हयात गेलेली टपालबाई. एक निवृत्त मास्तर. मला टपालबाईंनी 'शंकेखोर' नाव दिले होते आणि तेच रूढ झाले. एकूण सहाशे माणसे. हिचे बोलणे गेल्यावर हिच्या रोजच्या चिठ्ठ्याही मी तिथेच टाकू लागलो. पाय झाकू नका. रेडिओ बारीक करा. ती शेजारीण आली तर मी झोपलेय. दुपारपर्यंत वाचून यायच्या. कंपाउंडर लिहायचा, "वहिनींचं अक्षर म्हणजे ऐट आहे. मरतुकडं नाही, नुसतं लांब उभं आहे." मी हे हिला वाचून दाखवायचो. त्या दिवशी ही दोन ओळी जास्त लिहायची.

ज्या कंपनीच्या जागेवर हा गट चालायचा ती गेल्या वर्षी विकली गेली. ज्याने विकत घेतली त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केले की आता इथे पूर्ण स्वातंत्र्य आहे, कुणीही काहीही बोलावे, कुणाला अडवले जाणार नाही. अट एकच. जे टाकाल ते आमच्या यंत्राला वाचता आले पाहिजे. लपवाछपवी नको. आमच्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. "आता कुणाच्या बापाचा धाक नाही!" असे त्यांनी लिहिले. मलाही त्यात वावगे दिसले नाही, हे कबूल करतो.

तीन आठवड्यांनी गटाला कुलूप लागले. कारण दिले होते की या गटातला बहुतांश मजकूर वाचता येत नाही, त्यात सांकेतिक संदेश असण्याची शक्यता आहे. तक्रारीसाठी एक अर्ज होता. अर्जात फोटो जोडायची जागा होती आणि खाली लिहिले होते, 'कृपया चित्रातील मजकूर टाइप करा.' मी दोन दिवस खपून तक्रार लिहिली. कंपनी बदलली तरी माणूस बदलत नाही, आमच्या कागदांत कसलेही गुपित नाही, फक्त थरथरते हात आहेत, असे बरेच काही. उत्तर चार सेकंदांत आले. नाही.

सहाशे माणसे त्या चार सेकंदांत गेली. कुणाचा नंबर नाही, नाव नाही, गाव नाही. नियम माझाच.

माझी भाची कॉम्प्युटरचे काम करते. ती म्हणाली, "मामा, आता मालकच नको. एकच मोठी इमारत घेतली की कुणीतरी ती विकणारच. आपण छोटी छोटी घरं करू. प्रत्येकाचं आपलं मशिन, आपल्या घरात. मध्ये रस्ते. कुणीही कुणाकडे जाऊ शकतं, पण कुणी कुणाला हाकलू शकत नाही."

"आणि बिघडलं तर?"

"ज्याचं घर त्याने दुरुस्त करायचं."

"आणि भांडले तर?"

"मामा, तुम्ही सुरुवातीलाच शेवट विचारता."

महिनाभर तिने इंटरनेटवर धंद्यांच्या नावांनी हाका मारत माणसे शोधली. सहाशेतली चाळीस सापडली. कंपाउंडरने औषधांच्या जुन्या खोक्यांमागे एक कॉम्प्युटर लावला, टपालबाईंनी शिवणयंत्राखाली. दोन घरे, मध्ये रस्ता. चार महिने इतके चांगले गेले की मला भीती वाटू लागली होती.

मग मास्तरांनी एका पुढाऱ्याच्या हस्ताक्षरातली आठ पाने वाचायला टाकली. कंपाउंडर उसळला. "याच्या माणसांनी आमच्या गल्लीतली दुकानं फोडली. माझ्या घरात, माझ्या विजेवर याचं अक्षर लागणार नाही." टपालबाई म्हणाल्या, "पत्र कुणाचं आहे ते बघून टपाल वाटलं असतं तर मला पहिल्याच आठवड्यात घरी बसवलं असतं. आपण वाचणारे. निवडणारे आपण कोण?" मला दोघांचेही पटत होते. दोघांनीही मला वेगवेगळे लिहिले, "गट तुम्ही काढलात. तुम्ही बोला, आम्ही ऐकू."

नऊ दिवसांत मी अकरा वेळा उत्तर लिहिले आणि प्रत्येक वेळी खोडले. एका वेळी स्वल्पविरामासाठी खोडले, हेही खरे आहे. दहाव्या दिवशी कंपाउंडरने मधला रस्ता बंद केला.

"एक मालक गेला, दोन आले," भाची म्हणाली. "फरक एवढाच की हे आपल्या ओळखीचे आहेत."

तेव्हापासून मी दोन्ही घरांत वेगळा जात होतो. उशी, मोजे, रेडिओ, एवढ्यापुरते एकाचे वाचन चालून जायचे. पण सोमवारच्या चार ओळी तशा नव्हत्या. त्यांना तीन वाचणारे हवे होते. सोमवारी दुपारी मी चिठ्ठीचा फोटो दोन्ही घरांत टाकला.

संध्याकाळी टपालबाईंचे बंद उत्तर आले. मंगळवारी सकाळी कंपाउंडरचे. त्यासोबत त्याने उघडी ओळ लिहिली होती, "वहिनींना नमस्कार सांगा. दुसरे दोघं कोण?"

मी खरे ते सांगितले. दुसरे वाचन टपालबाईंचे, तिसरा अजून मिळायचा आहे.

त्याचे उत्तर लगेच आले. "त्या घरचं वाचन आमच्यात धरत नाहीत. माझ्या घरात तिघं होतील तेव्हाच माझं उघडा."

त्याच्या घरात उरलेल्या नऊ जणांपैकी हिचे अक्षर एकट्या त्याला लागायचे. टपालबाईंच्या घरात एकट्या त्यांना. मी त्याची ओळ पुन्हा वाचली. वाक्य माझेच होते, सहा वर्षांपूर्वीचे. फक्त घर दुसरे होते.

भाची शेजारी उभी होती. "मामा, दोन्ही आत्ता उघडा."

"तिसरं नाही."

"नसू दे!"

"त्याने सांगितलंय तिघं झाल्याशिवाय उघडू नका."

"मामी आत उपाशी पडलीय आणि तुम्ही मला नियम सांगताय? कधीतरी एक गोष्ट न तपासता करा हो!"

ती रडत स्वयंपाकघरात गेली. मी उघडली नाहीत. मला भीती होती. दोन्ही उत्तरे वेगळी निघाली तर काय, ही भीती मी तिला सांगितली असती. खरी भीती ती नव्हती.

बुधवारी सकाळी मी कंपाउंडरला लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी पुन्हा न वाचता काहीतरी पाठवले. 'माझं चुकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्हा दोघांनाही राग आला असता तरी बोलायला हवं होतं. आता उद्या सकाळपर्यंत वेळ आहे आणि हिच्या अक्षराबद्दल विचारायला माझ्याकडे दुसरं कुणी नाही. तुमच्या घरी टपालबाईंचं वाचन एवढ्या एका वेळी धरा.' पाठवायचे बटण दाबले. स्क्रीनवर आले की हे ठिकाण उत्तर देत नाही.

भाचीने तासभर खटपट केली. "त्यांचं मशिनच बंद आहे, मामा."

"आणि त्याचं उत्तर?"

"ते त्यांच्याच घरात असतं, तुम्ही उघडेपर्यंत. घर बंद म्हणजे..." तिने वाक्य सोडून दिले.

रागाने बंद केले, वीज गेली, की त्याचेच काही बरेवाईट झाले? विचारणार कुणाला? दोन वर्षे जो माणूस माझ्या बायकोचे म्हणणे मला सांगत होता त्याचे नाव मला माहीत नव्हते. गाव माहीत नव्हते. एखाद्या औषधाच्या दुकानासमोर तो आडवा पडलेला असता तर मी त्याला ओलांडून गेलो असतो.

दुपारी भाचीने दोन पुठ्ठे कापले. एकावर मोठ्या अक्षरात 'हो', दुसऱ्यावर 'नाही'. ते हिच्यासमोर पलंगावर ठेवले. "मामी, नुसता हात ठेव. नळी बसवायची?"

हिचा हात उचलला गेला. हवेत थरथरत दोन्ही पुठ्ठ्यांच्या मधोमध आला, तिथे थांबला, मग बाजूला सरकत सरकत उशीजवळच्या माझ्या पुस्तकापाशी गेला. ज्या पुस्तकात चिठ्ठी होती त्याच्यावर तिने बोटे आपटली. एकदा. पुन्हा एकदा.

"काय म्हणतेय?" भाचीने विचारले.

"म्हणतेय, एकदा लिहिलंय ना."

"हे बरं लागलं तुम्हाला!"

मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि टपालबाईंचे उत्तर उघडले. एकट्याचे, तिसऱ्याशिवाय, दुसऱ्याशिवाय.

त्यांनी लिहिले होते:

'पहिली ओळ: यांना लागतं. दुसरी ओळ: उगाच जगाला विचारत फिरतात. या दोन ओळींबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तिसरी आणि चौथी मला लागत नाही.'

मी त्यांना लगेच लिहिले, 'तिसरीचा अंदाज तरी?'

'अंदाजाने पत्र कुणाच्या दारात टाकत नाहीत.' थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली. 'शंकेखोर, एक विचारू? तुम्हाला लागलंय ना?'

मी मशिन बंद केले आणि तिथेच बसून राहिलो.

सोमवारी, डॉक्टरबाईंच्या खिडकीशी, चिठ्ठी हातात घेतल्याबरोबर मला चारही ओळी लागल्या होत्या. एका दमात, छापलेल्या पानासारख्या. पहिली ओळ 'यांना लागतं' अशीच लागली होती आणि मला वाटले होते की हा माझा अहंकार वाचतोय. नवऱ्याला आवडेल तेच तो वाचतोय. दुसऱ्या ओळीत मला माझी नेहमीची बोलणी ऐकू आली होती. ती तर मी कुठेही ऐकतो. आणि पहिल्या दोन जर मनाच्या असतील तर तिसरीही मनाची असेल, नुसते भीतीने दिसलेले असेल. या एका आशेवर मी तीन दिवस काढले. मला वाचणारे हवे होते ते खात्रीसाठी नाही. तिघांपैकी एकाने तरी दुसरे काहीतरी वाचावे म्हणून. कुणीतरी परका माणूस येऊन म्हणेल, तुमचे चुकले, अशी वाट मी जन्मभर घाबरून पाहिली. या वेळी पहिल्यांदाच आशेने पाहत होतो.

टपालबाईंच्या दोन ओळी माझ्या दोन ओळींशी जुळल्या. प्रूफ वाचणाऱ्याला याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही.

गुरुवारी डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रियेचा फॉर्म पुढे ओढला. ही चाकांच्या खुर्चीत होती, भाची मागे उभी होती. "मिळालं का कुणी वाचणारं?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"नाही," मी म्हणालो. "मी वाचतो."

पुस्तकातून चिठ्ठी काढली. मी छापखान्यात मोठ्याने वाचायचो, समोर बसलेला माणूस मूळ प्रत धरायचा. तसा आवाज लावायचा प्रयत्न केला. तो लागला नाही.

"यांना लागतं," मी वाचले. "उगाच जगाला विचारत फिरतात."

डॉक्टरबाईंना हसू आले. त्यांनी ते आवरले नाही. मग माझ्याकडे बघून आवरले.

"नळी नको."

भाचीचा हात खुर्चीच्या पाठीवरून निसटला. चौथी ओळ सगळ्यांत बारीक होती आणि मला आता दिसतही नव्हती, पण ती बघायची गरज नव्हती.

"चहा चमच्याने चालेल."

"काका," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या, "नक्की ना? अजून एक दिवस हवा असेल तर मी..."

आयुष्यभर मला कुणी हा प्रश्न विचारला की मी दिवस मागून घेतला आहे. मी हिच्याकडे पाहिले. ही माझ्याकडे बघत नव्हती. फॉर्मकडे बघत होती, नाव नीट जागेवर पडते की नाही ते बघावे तशी.

"नक्की," मी म्हणालो.

घरी आल्यावर भाचीने चहा केला. मी उशा लावून हिला बसवले, पहिला चमचा ओठांना लावला. तो आत गेला. दुसऱ्याला ठसका लागला. इतका की चेहरा निळसर झाला, हात हवेत काहीतरी शोधू लागले आणि मी चमचा टाकून तिची पाठ धरली. भाची दारातून ओरडली, "मामा, पुरे! नका देऊ!"

ठसका थांबला. बऱ्याच वेळाने थांबला. हिने बोटे चादरीवर आपटली. मी पेन्सिल दिली, पुस्तक खाली धरले. तिने एकच शब्द लिहिला, मुंगीएवढा.

भाची जवळ आली, डोळे बारीक करून वाकली. "काय लिहिलंय? फोटो काढू? टपालबाईंना पाठवू?"

"नको," मी म्हणालो. "'अजून' असं आहे."

चमचा जमिनीवर पडला होता. तो मी उचलला, धुऊन आणला, कपात बुडवला. अर्धा चहा चादरीवर सांडला. उरलेला मी तिच्या ओठांशी नेला.